मराठ्यांचा इतिहास ऑनलाइन शोधताना या चुका टाळा

"नेटवर खूप शोधलं, काहीच नाही मिळालं," असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, शोधलंत कोणत्या स्पेलिंगनं? कारण साधनं ढिगानं पडली आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड, गो. स. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे (पेशव्यांच्या सरकारी कागदांचे) 45 भाग, जुनी गॅझेटिअरं, सगळं फुकट. अडतं ते शोधण्यापाशी.

एकाच स्पेलिंगवर अडून बसणं

इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली पुष्कळ जुनी मराठी पुस्तकं 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'च्या प्रकल्पातून आलेली आहेत. त्यांची नावं रोमन लिपीत, टाइप करणाऱ्याला सुचली तशी. देवनागरीत 'राजवाडे' टाकून भागत नाही. रोमनमध्ये एकदा व्ही, एकदा डब्ल्यू, कधी 'ए' दुहेरी, असं करून पाहावं लागतं. लेखकाच्या रकान्यात 'नॉट अव्हेलेबल' लिहिलेली पुस्तकंही कमी नाहीत. म्हणून लेखकाचा नाद सोडा आणि नावातला एकच शब्द धरा: साधने, दफ्तर, बखर, शकावली (सालवार नोंदींची यादी).

इंग्रजी कागदांत उलटा घोळ. तिथं वसई शोधू नका, 'बसीन' शोधा. ठाणे नव्हे, 'टॅना'. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवरही गावाचं साहेबी स्पेलिंग टाकून पाहाच.

पुस्तकाच्या आतल्या शोधावर विसंबणं

स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. जुन्या मराठी छपाईतली जोडाक्षरं यंत्राला धड वाचता येत नाहीत, त्यामुळे पुस्तकात असलेला शब्दही 'सापडला नाही' असं उत्तर येतं. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची डोळ्यांनीच वाचा. मोडी कागदांच्या स्कॅनचं तर विचारूच नका. मोडी येत नसेल तर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत छापलेल्या पत्रसंग्रहांपासून सुरुवात करा.

सनात नुसते 78 मिळवणं

इथं भलेभले फसतात. शकात 78 मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं गणित चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतं. जानेवारी लागला की 79. शिवजन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551 चा. 78 मिळवून 1629 येतं. खरं साल 1630.

पत्रांत सुहूर सन (मराठी कागदांत चालणारी अरबी कालगणना) असेल तर आकडेही नसतात, अरबी शब्द असतात. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार: 1075. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, पुढे 600. राज्याभिषेकाचं साल असंच जुळतं: 1075 मध्ये 599 मिळवून 1674.

याहून बेरकी भानगड युरोपीय तारखांची. पोर्तुगिजांनी 1582 मध्येच नवी दिनदर्शिका घेतली, इंग्रज 1752 पर्यंत जुनीच चालवत होते. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याचं पत्र आणि सुरतेच्या वखारीचं पत्र यांत एकाच दिवशी 10 दिवसांचं अंतर. मी या 10 दिवसांपायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, दोन्ही पत्रं खोटी ठरवायच्या बेतात होतो! राज्याभिषेकाची रूढ तारीख 6 जून ही जुन्या पद्धतीची आहे. एखाद्या तिथी-परिवर्तकानं 16 जून दाखवली तर तिथी चुकली असं समजू नका. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी 1664 ची, पण इंग्रजी पत्रावर 1663 दिसू शकतं.

फुकट मिळालं ते पुरेसं मानणं

नेटवर मोकळेपणानं मिळणारी बहुतेक पुस्तकं हक्क संपलेली असतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे हाताशी येतं ते जुनंच. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 चा. त्यात शिवजन्माचं साल 1627 आहे. शिवजन्म शके 1551 चा सांगणारी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची) लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली ती 1916 मध्ये, आणि 1630 ला जोर आला तो त्यानंतर. डफ वाचू नये असं नाही, त्याच्यापाशी थांबू नये. छापील नवी पुस्तकं विकत घ्यावी लागतात, त्याला इलाज नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं मात्र त्यांच्याच संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात.

बखरींचंही वय पाहा. कृष्णाजी अनंत सभासदानं शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात. मल्हार रामराव चिटणिसांची शिवाजी महाराजांवरचीच बखर त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली. दोन्ही 'बखर' म्हणून एकाच तागडीत घालू नयेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'अस्सल पत्रा'ला खंड कोणता आणि लेखांक (खंडातला पत्राचा क्रमांक) किती एवढंच विचारा, बहुतेक वेळा चर्चा तिथंच मिटते.

टिपणं घेताना

पीडीएफचा पान क्रमांक लिहू नका, छापील पानाचा लिहा. दोन्हींत प्रस्तावनेएवढा फरक असतो. स्कॅनमध्ये मधली पानं गहाळ असतील तर त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधा, एकाच खंडाचे दोन-तीन स्कॅन बरेचदा असतात. आणि दुवा उघडला नाही तर तोच पत्ता वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या सेवेमध्ये टाकून पाहा.