डी ड्राइव्ह कुठं गेला? विंडोजवरून लिनक्सवर येणाऱ्यांसाठी

"दादा, लिनक्स टाकलं तर माझा डी ड्राइव्ह राहतोय न्हवं?"

हा प्रश्न मी गेल्या वर्ष-दीड वर्षात इतक्यांदा ऐकलाय की आता बोलायला सुरुवातच तिथून करतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीनवर टाकता येणारी दुसरी, फुकट सिस्टीम. विंडोजमध्ये सी आणि डी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून आत दोन वेगळ्या वस्तू आहेत असं वाटतं. बहुतेक लॅपटॉपांत तसं नसतं. डिस्क एकच असते आणि तिचे दोन भाग पाडलेले असतात, एकाच वावरात मधे बांध घालावा तसे. बांधापलीकडं ठेवलेलं पीक पुरात वाचत नाही.

पुराचं मी सोसलेलं सांगतोय. आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या खोलीतला आमचा कॉम्प्युटर पाण्यात होता. धान्य, कागदपत्रं, गॅसची टाकी आम्ही माडीवर नेली. कॅबिनेट राहिलं. "फोटोंचा बॅकअप हाय की," असं मी वडिलांना म्हणालो होतो. बॅकअप होता, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले, वडिलांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचेही गेले. लिनक्स हा शब्द नीट कळण्याआधी मी हे शिकलो, आणि ज्याला लिनक्सवर यायचंय त्यानंही आधी हेच शिकावं असं मला मनापासून वाटतं.

मी मार्केट यार्डात बेदाण्याच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. शिक्षण बी.कॉम., संगणकाचं म्हणाल तर एमएस-सीआयटी. त्यामुळं खालचं सगळं एका वापरणाऱ्या माणसानं दुसऱ्या वापरणाऱ्याला सांगितलेलं आहे.

लिनक्सवर यायचं कारण अनेकांचं एकच निघतं. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर घरगुती वापरासाठी एका वर्षाची सुरक्षा अपडेटची जादा सोय दिली गेली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. माझा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय-३ चा, ४ जीबी रॅमचा. चालणारं यंत्र भंगारात घालायला जीव धजेना. नवा लॅपटॉप घ्यायचा तर दोन पगार घालवावे लागले असते.

"लिनक्स अवघड असतं का?" असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. त्याऐवजी एक वही घ्या आणि आठ दिवस मशीनवर जे जे काम कराल ते लिहा. मी लिहिलं होतं. टॅली. जीएसटीचं पोर्टल. एक्सेलमध्ये सौद्यांची नोंद. शेतकऱ्याची हिशेबपट्टी मराठीत टाइप करून छापणं. बँकेचं काम. घरी मुलीचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप. यादी समोर आली की भीतीचे तुकडे पडतात. बँक, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मेल ही सगळी ब्राउझरची कामं आहेत. फायरफॉक्स असो की क्रोम, लिनक्सवर तेच आणि तसंच.

अडलं ते टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमपाशी. टॅली विंडोजसाठीच बनवलेलं आहे. वाइन नावाचं एक साधन विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतं, आणि अनेकजण तुम्हाला तो मार्ग सुचवतील. घरच्या छोट्या प्रोग्रॅमला जरूर करून बघा. पण दुसऱ्याच्या पैशाचे हिशेब मी त्यावर ठेवणार नाही. म्हणून दुकानातलं मशीन आजही विंडोजवर आहे, तिथलं मी काही हलवलं नाही. घरचा लॅपटॉप पूर्ण लिनक्सवर आहे. डीटीपीवाल्यांनाही मी हेच सांगतो. जुन्या फाँटमधल्या, जुन्या पेजमेकरच्या हजारो फायली असतील तर ते मशीन तसंच राहू द्या.

यादीतलं उरलेलं बदलायचं ते विंडोजवर असतानाच बदलायला सुरुवात करा. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता, दिला असता तर दोन महिने वाचले असते. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, फायरफॉक्स हे सगळं विंडोजवरही फुकट चालतं. महिनाभर तेच वापरा. मग ज्या दिवशी खालची सिस्टीम बदलेल त्या दिवशी हाताखालची अवजारं ओळखीचीच असतील. लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलच्या फायली उघडतात, पुन्हा त्याच प्रकारात जतनही होतात. कुरकुर होते ती दोन ठिकाणी. एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, लिहून ठेवले असतील तर ते चालतीलच असं नाही. आणि फाँट नसला की पानाची मांडणी सरकते. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो हा त्याच मापाचा फाँट टाकला की दुसरा त्रास बराच कमी होतो.

कुठलं लिनक्स, यावर लोक तासन् तास वाद घालतात. नव्या माणसानं त्यात पडू नये. लिनक्स मिंट घ्या. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडं घड्याळ, म्हणजे हात जिथं जायचा तिथंच जातो. मिंट उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, त्यामुळं उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक मदत इथंही लागू पडते. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही आवृत्ती. आणि लॅपटॉपात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुना लॅपटॉप रांगतो तो बहुतेक वेळा डिस्कमुळं, आणि ते दुखणं सिस्टीम बदलून पूर्ण जात नाही.

टाकण्याआधी चालवून बघता येतं, ही मला लिनक्सची सर्वांत आवडलेली गोष्ट. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एकाच फायलीत) उतरवायची, विंडोजमध्येच रूफस या प्रोग्रॅमनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा. सुरू करताना कुठं एफ१२ दाबावं लागतं, कुठं एफ९, कुठं एस्केप. मशीनच्या कंपनीप्रमाणं ते बदलतं. आता तुमच्या डिस्कला हात न लावता मिंट समोर उभं राहतं. थोडं हळू चालेल, पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून. अर्धा तास बसा आणि वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, हे बघा. प्रिंटर जोडून एक कागद छापा. एचपीच्या पुष्कळ प्रिंटरना लागणारी सोय मिंटमध्ये आधीपासून असते. आमच्या दुकानातला जुना लेझर मात्र मला जमला नाही, तो विंडोजपाशीच राहिला. वाय-फाय लागलं नाही तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग सुरू करा, इंटरनेट येतं, आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचा ड्रायव्हर मिळतो का बघा.

आता डी ड्राइव्ह.

आमच्या गल्लीतला डिप्लोमाचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला दारात उभा राहिला. "काका, सगळं गेलं ओ." इन्स्टॉल करताना पडद्यावर पर्याय येतात. एक असतो विंडोजच्या शेजारी मिंट टाकण्याचा, दुसरा डिस्क पुसून मिंट टाकण्याचा. त्याला वाटलं, डिस्क म्हणजे सी. डी वर तर आपण सगळं ठेवलंय. त्यानं दुसरा पर्याय निवडला. आई-वडिलांचे, आज्जीचे, शाळेचे सगळे फोटो डी वर होते. आज्जी आदल्या वर्षी वारली होती.

त्यानं एक गोष्ट चांगली केली होती. घाबरून लॅपटॉप लगेच बंद केला होता. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही नवं लिहायचं नसतं. डिस्क पुसली म्हणजे आतला मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतो असं नाही, कुठं काय आहे याची नोंद आधी जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग तो खरोखर जातो. त्याच्या लॅपटॉपात फिरणारी हार्ड डिस्क होती, हे नशीब. एसएसडीत रिकामी झालेली जागा सिस्टीम आतून साफ करून टाकते, तिथून परत मिळणं फार कठीण. आम्ही पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं आणि फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम लावला. निघालेलं सगळं माझ्या एक्स्टर्नल डिस्कवर उतरवलं. रात्रभर चाललं. सकाळी काही हजार फायली मिळाल्या, पण एकाचंही मूळ नाव नाही, कुठला फोल्डर नाही. सगळा ढीग.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधीचं माझं सांगणं हेच आहे, आणि यात मी कुणालाच सूट देत नाही. जे हवंय ते सगळं एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. ती डिस्क लॅपटॉपापासून काढा. दुसऱ्या मशीनला लावून चार फायली उघडून बघा. उघडल्या तरच पुढं. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का तेही तपासा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुढं विंडोज ती मागेल आणि तुमच्याकडं नसेल. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या भागात काही लिहायला गेलं की अडतं. हे सगळं झालं की शेजारी टाकण्याचा पर्याय निवडा. कुणाला किती जागा, हे मधली रेघ सरकवून ठरवता येतं. विंडोजच्या वाटणीचा भाग मग मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये डावीकडं दिसतो, त्यावर क्लिक केलं की उघडतो. सी, डी ही नावं मात्र नसतात. लिनक्समध्ये तुमचं सगळं होम नावाच्या फोल्डरात असतं, आणि सवय झाली की तेच सोपं वाटतं.

पहिल्या आठवड्यात येणारे प्रश्न ठरलेले आहेत. पासवर्ड टाइप करताना टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत, काहीच दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं, टाइप करून एंटर दाबा. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं, म्हणून. लिनक्सला इथलीच वेळ ठेवायला सांगता येतं, एका ओळीचं काम आहे. प्रोग्रॅम हवा असेल तर विंडोजसारखी ईएक्सई फाइल शोधत इंटरनेटवर फिरू नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाका. आणि कुठंतरी वाचलेली आज्ञा अर्थ न कळता टर्मिनलमध्ये चिकटवू नका, विशेषतः सुडो ने सुरू होणारी. मशीनचे सगळे हक्क तुम्ही त्या ओळीच्या हाती देत असता.

मराठी टायपिंगचं विचारायला बायका-पुरुष दोघंही येतात, शिक्षक तर हमखास. भाषा बदलून टाइप करू देणारं आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकलं की मराठी इन्स्क्रिप्टही मिळतं आणि उच्चाराप्रमाणं टाइप करायची पद्धतही. इन्स्क्रिप्ट येणाऱ्याला तर काहीच नवं शिकावं लागत नाही, कळा त्याच. युनिकोडमधलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांतलं, जुनं लिखाण जसंच्या तसं उघडतं. जुन्या फाँटमधलं मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि ते एकदा केलेलं कुठल्याही सिस्टीमवर उपयोगीच पडतं.

अँटिव्हायरस मी टाकलेला नाही. पण बँकेच्या नावानं येणारी खोटी लिंक लिनक्सवरही तितकीच खोटी असते.

त्या डिप्लोमाच्या मुलाचा पुढचा प्रश्न नोकरीचा होता. "काका, हे येतंय म्हटल्यावर कंपनीत घेतात काय?" त्याला जे सांगितलं ते इथंही सांगतो. मिंट वापरता येणं म्हणजे नोकरीचं कौशल्य नव्हे. पण जगातले पाचशे सर्वांत वेगवान महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, तुझ्या हातातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं तो लिहायला घेतला तेव्हा तो तुझ्यासारखाच एक विद्यार्थी होता. सर्व्हरच्या कामाला जायचं असेल तर फायलींचे हक्क, एसएसएचनं दूरच्या मशीनवर जाणं, बिघडलं तर लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदी, वाचणं आणि छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहिणं शीक. एवढ्यासाठी विंडोज सोडायचीही गरज नाही, विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल टाकून हे सगळं शिकता येतं.

त्यानं पहिली स्क्रिप्ट लिहिली ती त्या ढिगासाठी. फोटोचं नाव गेलं तरी तो कधी काढला ती तारीख बहुतेक फोटोंच्या आतच असते. एक्झिफटूल नावाचं साधन ती वाचतं. त्याची स्क्रिप्ट एकेक फोटो उचलून तारखेप्रमाणं वर्षाच्या आणि महिन्याच्या फोल्डरात टाकत गेली. बारा ओळींची स्क्रिप्ट, लिहायला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला, २०२२ चं फोल्डर उघडलं आणि माझ्याकडं वळवलं. हरिपूरच्या संगमावर आज्जी पायऱ्यांवर बसलेली होती, मांडीवर भडंगाची पुडी.