ड्रॅग-आउटच्या पाण्यातून तांबं काढणारा सेल

ॲसिड कॉपर बाथमधून (तांब्याचा मुलामा देणाऱ्या आम्लयुक्त द्रावणातून) जॉब, म्हणजे मुलाम्याची वस्तू, वर निघतो तेव्हा अंगावर थोडं द्रावण घेऊनच निघतो आणि ते धुण्याच्या पहिल्या स्थिर पाण्याच्या टाकीत, म्हणजे ड्रॅग-आउटमध्ये, उतरतं. तांबं पकडायचं ते इथेच. वाहत्या पाण्याबरोबर ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) पोचल्यावर ते इतकं विरळ होतं की विजेने काढणं परवडत नाही. चुन्याने खाली बसवलं तर किलोभर तांब्यामागे दीड किलो कोरडं हायड्रॉक्साइड तयार होतं. ओला गाळ त्याच्या कितीतरी पट, आणि तो घातक कचरा म्हणून पैसे मोजून पाठवावा लागतो.

खालची मापं २०० लिटरची ड्रॅग-आउट टाकी आणि लिटरला ५ ग्रॅम तांबं धरून दिली आहेत.

शेजारी सेलसाठी, म्हणजे विजेने तांबं काढण्यासाठी, ४०-५० लिटरची पॉलिप्रॉपिलिनची टाकी ठेवा आणि मॅग्नेटिक पंपाने दोन्ही टाक्यांतलं पाणी सतत फिरवत राहा. मध्ये ३१६ स्टेनलेसचा पत्रा कॅथोड (ऋण टोक, ज्यावर तांबं बसतं) म्हणून टांगा. बुडलेला भाग ३५ × ३६ सेंमी असला की दोन्ही बाजू मिळून पाव चौरस मीटर होतो. दोन्ही बाजूंना ५ सेंमीवर टायटॅनियम जाळीचे ॲनोड (धन टोक) लावा, आकाराने कॅथोडपेक्षा किंचित लहान, नाहीतर कडांवर तांब्याच्या गाठी वाढून शॉर्ट होतो. जाळीवरचा लेप इरिडियम-टँटलमचाच मागा. रुथेनियमचा लेप क्लोरिनसाठी असतो. इथे ऑक्सिजन सुटतो, त्यात तो लवकर संपतो. साधं टायटॅनियम लावलं तर त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि करंट जवळपास थांबतो. कॅथोडखाली भोकाच्या पाइपमधून हवा सोडा.

पाण्यात सल्फ्यूरिक आम्ल लिटरला १५-२० ग्रॅम असू द्या, म्हणजे व्होल्टेज २ ते ३ व्होल्टमध्ये राहतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. भर घालायला बोअरचं पाणी नको: क्लोराइड जास्त असेल तर ॲनोडवर क्लोरिन सुटतो. सायनाइड कॉपरचं धुणं तर या टाकीच्या आसपासही नको. आम्लात त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो, आणि त्याने माणूस जातो. सेलवर एक्झॉस्ट हवाच.

रेक्टिफायर (डीसी करंट देणारं यंत्र) जोडताना धन टोक ॲनोडला आहे ना, हे मीटरने तपासा. उलटं जोडलं तर स्टेनलेसच विरघळतं.

सुरुवात २५ अँपिअरवर करा. एका अँपिअर-तासाला हिशेबाने १.१८६ ग्रॅम तांबं बसतं, प्रत्यक्षात ८० टक्के धरा. लिटरला ५ वरून २ ग्रॅमवर यायला साधारण २५ तास लागतील. यापुढे घाई करू नका. पाण्यात तांबं कमी झालं की पत्र्यापर्यंत पोचणारंही कमी होतं; करंट तेवढाच ठेवला तर उरलेल्यातून हायड्रोजन सुटतो आणि तांबं काळपट भुकटी होऊन गळतं. २ ग्रॅमला १० अँपिअरवर उतरा. ०.५ ग्रॅमपर्यंत आणखी ५० तास जातात, कारण कार्यक्षमता निम्म्यावर येते.

रंगावर विसंबू नका, रोज टायट्रेशन करा, म्हणजे ठरावीक ताकदीचं रसायन थेंबाथेंबाने घालून तांब्याचं प्रमाण काढा. १० मिली नमुना, पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च: ०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा प्रत्येक मिली म्हणजे लिटरला ०.६३५ ग्रॅम तांबं. लोखंड असेल तर आकडा फुगतो. लोखंडाचा त्रास सेलमध्येही आहेच, ते ॲनोड आणि कॅथोडमध्ये फेऱ्या मारत करंट खातं. तांबं बसेना पण व्होल्टेज ठीक दिसतंय, तर आधी लोखंड तपासा.

पत्रा काढताना करंट चालूच ठेवून आधी पाणी उतरवा. बंद करून रात्रभर आम्लात ठेवलात तर हवेच्या ऑक्सिजनमुळे बसलेलं तांबं परत विरघळू लागतं. थर पाव मिलिमीटरच्या पुढे गेला की कोपऱ्यातून छिन्नी घालून सोलून निघतो.

०.५ ग्रॅमच्या खाली सपाट पत्र्याचा सेल ओढू नका. हे पाणी थोडंथोडं ईटीपीत सोडा आणि पीएच ८.५ ते ९ वर तांबं खाली बसवा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तांब्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. ईटीपीत अमोनियायुक्त धुणं मिसळलं असेल तर तांबं खाली बसतच नाही, ते वेगळ्या लाइनने न्या.