पुढच्या काचेला खडा लागलाय? या चुका टाळा

कसारा घाटात किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर खडीच्या डंपरमागे गाडी असली, की पुढच्या काचेवर कधीतरी ‘टक्’ होतंच. बारीक टवका उडतो आणि आपण ‘बघू नंतर’ म्हणतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. खडा लागला तर बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच दुखावते. म्हणून नाण्याहून लहान टवका रेझिन (पारदर्शक, घट्ट होणारं द्रव) भरून दुरुस्त होऊ शकतो. पण त्यात धूळ, पाणी किंवा शाम्पू शिरला की रेझिन नीट धरत नाही. काच कोरडी असतानाच टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि दुकान गाठा. टवका ड्रायव्हरच्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेला असेल तर मात्र काच बदललेलीच बरी. दुरुस्तीनंतरही पुसट डाग उरतो, आणि कडेची चीर लवकर पळते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कडक असते. दवाने भिजलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, हीटरही एकदम पूर्ण सोडू नका. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाईपही नको. तापमानाच्या अशा झटक्याने छोटा टवका हातभर चिरतो.

पावसाळ्यात इगतपुरीकडे काच आतून धुरकटली तर हाताने पुसू नका, तेलकट ओघळ राहतात. बाहेरची हवा आत घ्या आणि एसी चालू करा. काच बाहेरून धुरकटली असेल तर उलट एसीची थंडी कमी करा आणि वायपर फिरवा.

दुकानात फोन करताना ‘गाडीची काच फुटली’ एवढंच सांगू नका. फ्रंट ग्लास, विंडशील्ड, विंडस्क्रीन ही एकाच पुढच्या काचेची नावं. दाराची आणि डिकीची काच बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असते. ती फुटली की चुरा होतो, दुरुस्ती नाहीच. गाडीचं मॉडेल, साल, व्हेरिएंट सांगा. काचेमागे रेन सेन्सर (पाऊस ओळखणारा) किंवा कॅमेरा असेल तर तेही. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, काच बदलल्यावर पुन्हा करावं लागतं.

काच बसवली की लगेच घाट उतरायची घाई अजिबात नको. तिला गोंद धरून ठेवतो, आणि अपघातात पॅसेंजर एअरबॅगला हीच काच आधार देते. गाडी किती तासांनी चालवायची ते बसवणाऱ्यालाच विचारा. बसवणाऱ्याने काचेवर लावलेली टेप आधीच काढू नका, दार आपटू नका, एक-दोन दिवस प्रेशर वॉशिंग टाळा.

विम्याचा दावा करणार असाल तर काच काढण्याआधी कंपनीला कळवा आणि फोटो ठेवा. काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही. मात्र दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ शकतो, त्यामुळे टवक्याच्या किरकोळ दुरुस्तीचे पैसे खिशातून दिलेलेच परवडतात.