फेरेट मादीचा माज : निर्णय फेब्रुवारीतच घ्या

ब्रिटनमध्ये सशांवर फेरेट, म्हणजे बिळात शिरून ससे बाहेर हुसकावणारे मुंगसासारखे लांबट पाळीव जनावर, सोडण्याचा हंगाम आता उतरणीला लागला आहे. महिन्याभरात बिळांच्या तोंडांवर लावायची जाळी धुऊन, वाळवून माळ्यावर जातील. नेमक्या याच सुमारास फेरेटची मादी, म्हणजे इकडे जिला जिल म्हणतात ती, माजावर येण्याच्या बेतात असते. कामाच्या दिवसांत ती आठवड्यातून दोन-तीनदा तरी हाताखालून जाते, तिचे अंग चाचपले जाते. हंगाम संपला की पिंजऱ्यात मांस टाकायचे आणि पाण्याची बाटली भरायची एवढेच काम उरते. तिच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो या रिकाम्या महिन्यांतच.

इंग्लंड-वेल्समध्ये 1954 च्या पेस्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर असते. त्यामुळे भाजीपाल्याचा छोटा मळा किंवा फळबाग करणारेही फेरेट बाळगतात. बिळात शिरायला बारीक अंगाची जिल सोयीची, म्हणून पिंजऱ्यात नरापेक्षा माद्या जास्त दिसतात. आपल्यापैकी ज्यांनी इकडे थोडी जमीन घेऊन ही जनावरे पाळली आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला.

गाय-म्हैस सांभाळलेल्या माणसाची इथे हमखास गफलत होते. गाईचा माज दिवसभरात ओसरतो. तो हुकला तर 21 दिवसांनी पुन्हा येतो, नुकसान फार तर एका पाळीचे. जिलचे तसे नाही. नराशी संग झाल्याशिवाय तिचे बीज सुटतच नाही. संग झाला की 30 ते 40 तासांत बीज सुटते आणि माज उतरणीला लागतो. संग झालाच नाही तर बीजांडावरच्या पुटिका, म्हणजे बीज धरून असलेल्या बारीक पिशव्या, तशाच राहतात, त्यांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरत राहते, आणि मार्चमध्ये आलेला माज ऑगस्टपर्यंतही टिकू शकतो. महिनोन्‌महिने रक्तात राहिलेले हे इस्ट्रोजेन हाडांतल्या मज्जेचे काम दाबून टाकते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, पांढऱ्या पेशी घटतात, तांबड्या पेशी नव्याने तयार होणे थांबते. शेवटी जनावर पंडुरोगाने, आतल्या रक्तस्रावाने किंवा साध्याशा जंतुसंसर्गानेही दगावते.

नराशी संग न झालेली प्रत्येक जिल मरतेच असे नाही. म्हणूनच तर 'आमच्या जिलला कधी काही केले नाही, तरी दहा वर्षे जगली' असे सांगणारा एखादा जुना जाणकार प्रत्येक गावात भेटतो. त्याचे ऐकून घ्यावे, चहा प्यावा आणि पशुवैद्यकाची वेळ ठरवूनच घरी यावे.

माज प्रकाशावर येतो, थंडी-उन्हावर नाही

मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. दिवस लहान-मोठा होण्याचा जनावरावर केवढा परिणाम होतो, याचा अंदाज आपल्याला म्हणूनच चटकन येत नाही. लंडनमध्ये डिसेंबरात आठ तासही उजेड नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांवर असतो. उजेड 12 तासांच्या पुढे गेला की जिलच्या शरीरात चक्र फिरू लागते. बाहेरच्या पिंजऱ्यातल्या बहुतेक माद्या मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत माजावर येतात. गेल्या मे-जूनमध्ये जन्मलेली पिलेही याच वसंतात पहिल्यांदा माजावर येतात, त्यांना 'अजून लहान आहे' म्हणून वगळू नका.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात अंड्यांसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये 14 ते 16 तास दिवे लावतात. फेरेटचा पिंजरा त्याच शेडच्या कोपऱ्यात असेल तर जिलला तो उन्हाळाच वाटतो आणि ती जानेवारीतही माजावर येऊ शकते. घरात, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली राहणाऱ्या जिलचेही तेच. अशांना कॅलेंडर लागू नाही, वर्षभर पाहणी ठेवावी.

नर, म्हणजे हॉब, मादीच्या आधीच, डिसेंबर-जानेवारीपासून तयार होतो. वृषण खाली उतरतात, अंगाचा वास वाढतो, मान जाड होते. पिले नको असतील तर त्याला आत्ताच वेगळे करा आणि मधली जाळी दात शिरणार नाहीत अशी बारीक निवडा.

पाहणी कशी करावी

फेब्रुवारीच्या शेवटापासून आठवड्यातून दोनदा पाहावे. एका हाताने खांद्यांमागे धरून मादी उचला, दुसऱ्या हाताचा आधार मागच्या अंगाला द्या आणि शेपटीखाली बघा. एरवी निरण (योनीचे बाहेरचे तोंड) म्हणजे केसांत जेमतेम दिसणारा मसुराएवढा ठिपका असतो. माज आला की ते गुलाबी, ओलसर, फुगीर होते आणि दोन-तीन आठवड्यांत बदामाएवढे किंवा त्याहून मोठे होते. चुकण्याचा प्रश्नच नसतो. सूज प्रथम दिसली ती तारीख पिंजऱ्याच्या दारावरच खडूने लिहून ठेवा. पुढचे सगळे उपचार या तारखेवर अवलंबून आहेत.

सुजलेल्या निरणाला बारीक भुसा आणि कुसळे चिकटतात, आत जातात, पू होतो. या दिवसांत अंथरायला जुने सुती कापड किंवा कागदाच्या पट्ट्या बऱ्या.

पाहणीच्या वेळी ओठ उचलून हिरड्याही बघाव्यात. त्या गुलाबी असाव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लगेच परत यायला हवा. फिकट हिरड्या, पोटाच्या कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, डांबरासारखी काळी विष्ठा, मागच्या पायांत लुळेपणा, खाण्यावरची वासना उडणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेपटीच्या बुडाशी आणि दोन्ही कुशींवर सारखेच केस जाणे ही त्याआधीची पायरी. वसंतात फेरेट कात टाकल्यासारखे केस बदलतात, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष होते. केस जातात आणि निरणही सुजलेले आहे, असे असेल तर तो ऋतुबदल समजू नका.

माज कसा उतरवायचा

एक-दोनच माद्या असतील तर माझा कौल इंजेक्शनला. प्रोलिजेस्टोन हे औषध इकडे 'जिल जॅब' म्हणूनच ओळखले जाते. हंगामाच्या तोंडाशी किंवा माज नुकताच दिसल्यावर ते कातडीखाली देतात. बहुतेक माद्यांना एक मात्रा हंगामभर पुरते, काहींना उन्हाळ्यात दुसरी लागते. म्हणून 'टोचले, झाले' असे समजून पाहणी थांबवायची नाही. क्वचित एखादीला औषधाची तीव्र प्रतिक्रिया येते, तेव्हा टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबलेले बरे. टोचल्या जागी पुढे केस विरळ होतात किंवा त्यांचा रंग बदलतो, त्याने घाबरू नये. हे औषध सध्या मिळते का, हे फेब्रुवारीतच फोन करून विचारा; मिळत नसेल तर पुढचे मार्ग आहेत. खेड्यातल्या दवाखान्यात गाई-मेंढ्या रोज येतात, फेरेट नाही. एप्रिलमध्ये शोधाशोध करण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

पाच-सहा किंवा अधिक माद्या असतील तर नसबंदी केलेला हॉब परवडतो. तो संग करतो, मादीचे बीज सुटते, पिले मात्र होत नाहीत. इथे नसबंदी आणि खच्चीकरण यांत गल्लत नको. खच्ची केलेल्या नराचे वृषणच काढलेले असतात, त्याच्या भरवशावर माज उतरत नाही. नसबंदीत फक्त शुक्रवाहिन्या कापतात, नराचा जोर आणि वास दोन्ही कायम राहतात. शस्त्रक्रिया पशुवैद्यकाकडूनच करायची आणि त्यानंतर किमान सहा-सात आठवडे त्याला मादीजवळ सोडायचे नाही, कारण नळ्यांत शुक्राणू शिल्लक असतात. एप्रिलमध्ये हॉब हवा असेल तर शस्त्रक्रियेला फेब्रुवारीचा मध्य ही शेवटची वेळ.

संग पहिल्यांदा पाहणाऱ्याला भांडणच वाटते. हॉब मादीची मानगूट दातांत धरतो, तिला पिंजराभर फरफटत नेतो आणि हे दोन-तीन तासही चालते. मध्ये हात घालू नका. नंतर मात्र मानेवरचे केस बाजूला सारून जखमा पाहा, कोमट मिठाच्या पाण्याने पुसून घ्या, सूज दिसली तर दाखवा. दोन आठवड्यांत निरण पूर्ववत व्हायला हवे. सूज तशीच असेल तर संग फुकट गेला असे समजावे.

त्यानंतर जिल सुमारे 42 दिवस खोटी गाभण राहते. पोट सुटते, सड फुगतात, ती कापडाचे बोळे गोळा करून घरटे करते, हात घातला तर चावतेही. हे संपले की पुन्हा माज, म्हणजे एका हंगामात दोन-तीनदा हॉब लागतो. उसना हॉब आणणार असाल तर आधी त्याचे लसीकरण विचारा. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो वाचत नाही, आणि अल्यूशियन हा विषाणूचा रोगही असाच एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातो. दहा ठिकाणी फिरून आलेला नर फुकट मिळाला तरी मी आणणार नाही.

डेस्लोरेलिन या माज दाबणाऱ्या औषधाची कातडीखाली बसवायची बारीक कांडी हा तिसरा मार्ग. ती बसवल्यावर सुरुवातीला माज उफाळल्यासारखा दिसू शकतो, मग दोन-एक आठवड्यांत ओसरतो आणि साधारण दोन वर्षे मादी शांत राहते. खर्च एकदाच पण जास्त. पुन्हा पिले घ्यायची शक्यता असेल तर बरी.

गर्भाशय आणि बीजांडे काढून टाकणे हा कायमचा इलाज. पण फेरेटमध्ये त्याला एक शेपूट आहे. बीजांडे गेल्यावर मेंदूकडून येणारा संदेश थांबत नाही, तो मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीला चेतवत राहतो आणि काही वर्षांनी त्या ग्रंथीचा विकार होण्याची शक्यता वाढते. म्हणून अनेक पशुवैद्यक आता कांडीकडे वळले आहेत.

पिले घ्यायचीच असतील तर

केवळ माज उतरवायला पिले घेणे हा मला बेजबाबदारपणा वाटतो. एका वेताला सहा-आठ पिले सहज होतात, कधी त्याहून बरीच जास्त, आणि इकडची फेरेट-निवारा केंद्रे उन्हाळ्यात आधीच भरलेली असतात. शिवाय माजाचा प्रश्न त्याने सुटतही नाही. एप्रिलच्या मध्याला संग झालेली जिल 42 दिवसांनी, मेअखेरीस विते. पिले सहा ते आठ आठवड्यांनी दुधावरून तुटतात आणि त्यानंतर पंधरवड्यात ती पुन्हा माजावर येते, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास दुसरी सोय करावीच लागते.

तरी घेणार असाल तर गाभणपणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तिच्यापुढचे खाणे एक दिवसही संपू देऊ नका. पोटात पिलांची गर्दी असताना उपास घडला तर यकृतावर चरबी चढून मादी आणि पिले दोन्ही जातात. व्यायल्यावर पहिले काही दिवस घरट्यात डोकावणे बंद. बिथरलेली जिल पिले खाते.

उशीर झाला असेल तर

सूज दिसून दहा दिवस होऊन गेले असतील तर पशुवैद्यक एचसीजी या संप्रेरकाचे 100 एककांचे इंजेक्शन देऊन बीज सोडवू शकतात. दहा दिवसांच्या आत ते लागू पडत नाही, कारण पुटिका पिकलेल्या नसतात. दारावरची खडूची तारीख इथे उपयोगी पडते. दोन आठवड्यांत सूज उतरली नाही तर पुन्हा द्यावे लागते. तीन आठवड्यांच्या वर माजावर राहिलेल्या कोणत्याही मादीची आधी रक्ततपासणी करून घ्यावी. निरोगी फेरेटचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 40 टक्क्यांच्या वर असतो. तो 25 च्या खाली गेला तर रक्त चढवण्याची तयारी लागते, 15 च्या खाली वाचण्याची आशा फार थोडी. अशा मादीला हॉबपुढे टाकू नये. प्लेटलेट कमी असताना मानेवरच्या चाव्यानेच ती रक्त गमावून बसेल.

माजावरची जिल एप्रिलमध्ये कामाला नेण्याचा मोहही टाळा. तिचे लक्ष नसते, आणि त्या वेळी बिळांत सशांची पिले असतात. ती आतच शिकार करते, खाऊन तिथेच झोपते आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत फावडे घेऊन उभे.

आणि शस्त्रक्रिया झालेली, तीन-चार वर्षांपुढची जिल अचानक माजावर आल्यासारखी दिसली, शेपटीचे केसही जाऊ लागले, तर तिला जिल जॅब देऊन मोकळे होऊ नका. बीजांडाचा तुकडा आत राहिला असेल किंवा अधिवृक्क ग्रंथी बिघडली असेल. दोन्हींचे निदान सोनोग्राफी आणि संप्रेरकांच्या तपासणीने होते. ती सोय लहान दवाखान्यात नसेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या.