जुन्या टाटा-मर्सिडीजचं बॉनेट उघडल्यावर: काय घासायचं, काय ठेवायचं

नाकवाला, म्हणजे पुढे बॉनेट आलेला जुना टाटा-मर्सिडीज ट्रक दारात येऊन उभा राहिला की मालकाला पहिली घाई सुटते ती प्रेशर मारून धुवायची. ती घाई आवरा. इंजिनावर जो काळा ओशट थर बसलेला असतो, त्यानंच इतकी वर्षं खालचा रंग जपलेला असतो. तो एका सकाळीत उडवलात, तर गाडीचा मूळ रंग कोणता हे सांगणारं कोणीच उरत नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्या रंगवतो. ऊस आणि गूळ ओढून थकलेले ट्रक आमच्याकडे येतात, बहुतेक मालकाच्या वडिलांनी घेतलेले. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा मर्सिडीज ट्रक इथं बनवायचा करार 1954 सालचा. 1969 ला तो संपला, आणि नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन टाटाचा ‘टी’ आला. ताऱ्याच्या काळातल्या एल 312 मध्ये सहा सिलिंडरचं, 4.6 लिटरचं डिझेल इंजिन असायचं. ते आज सुरू करून देणारे फिटर सापडतात. बॉनेटखालचं रंगकाम मात्र लोक कारच्या हिशेबानं करून घेतात आणि चांगला ट्रक बिघडवतात.

आधी ‘मूळ’ म्हणजे काय ते ठरवा. त्या काळात कंपनीकडून बहुतेक वेळा इंजिन, चेसिस, बॉनेट आणि काऊल (बॉनेट आणि कॅबिन यांच्यामधला पत्रा) एवढंच यायचं. कॅबिन इथल्याच बॉडीवाल्यानं लाकूड-पत्र्यात बांधलेली असायची. म्हणजे काऊलच्या पुढची बाजू कारखान्याची आणि मागची आपल्या मिस्त्रीची. त्यावर पुढची तीस वर्षं ड्रायव्हर-फिटरांनी काम केलेलं. आंबा घाटात गाडी तापते म्हणून कोणीतरी रेडिएटरला हवा वळवणारा पत्रा लावलेला असतो, एअर क्लिनरचा तुटलेला पट्टा कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यातून घडवलेला असतो. माझ्या लेखी हेसुद्धा त्या ट्रकचंच आहे. माझा नियम असा: जे लोखंड खातं किंवा आग लावू शकतं ते निघणार. जे नुसतं जुनं दिसतं ते राहणार. मधल्या गोष्टींचा निर्णय मालकाला शेजारी उभं करून घ्यायचा.

कामाची सुरुवात फोटोंनी करा. दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, प्रत्येक क्लिप आणि प्रत्येक पाइपाचं वळण दिसेल असे. मग इंजिन नंबर आणि चेसिस नंबर शोधा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. या दोन जागांवर ग्राइंडर नको, वायर व्हील नको, पुट्टी तर नकोच. रॉकेल, मऊ ब्रश आणि वर एक पातळ हात (थर), बस. घासलेला नंबर आरटीओत संशय निर्माण करतो, आणि तो पुन्हा उमटवता येत नाही. कंपनीच्या पितळी-अल्युमिनियमच्या प्लेट रिबिट कापून सावकाश काढा, पुसा आणि आहेत तशा ठेवा. नव्या छापून मिळतात, पण नव्या प्लेटला त्या गाडीचा काही इतिहास नसतो.

आता रंग शोधायचा. प्लेट काढलीत की तिच्याखाली बोटभर जागा मिळेल जिथं ऊन, डिझेल, धूर काहीच पोचलेलं नाही. डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली, बॉनेटच्या बिजागरीमागे अशाच जागा असतात. काऊलवर एका कोपऱ्यात 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल फिरवा, मग 600, मग 1000. कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं उमटतात. मागच्या गाडीला वरून निळा, मग पिवळा, मग लाल ऑक्साइडचा प्रायमर, पुन्हा एक करडट हिरवा आणि तळाशी प्रायमर निघाला. मधे ऑक्साइड आला म्हणजे तिथं एकदा गाडी वरवर घासून नव्यानं रंगवली होती. त्याखालचा हिरवा तो पहिला. नमुना रंगाच्या दुकानात नेण्याआधी थोडं पॉलिश फिरवा, जुना रंग पिवळा पडून फसवतो. जुळणी उन्हात करा, ट्यूबलाइटखाली कधीच नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासकाम ओलंच करा, मास्क लावा, आणि बत्तीनं (ब्लो लॅम्पनं) रंग जाळू नका.

साफसफाईला लाकडी पट्टी, रॉकेल आणि वेळ लागतो. हवेचं तोंड, ब्रीदर, डिपस्टिकचं भोक, डायनॅमो हे सगळं आधी प्लास्टिक आणि टेपनं बंद करा. इंजेक्शन पंपावर पाण्याचा फवारा मारायचा नाही. त्यात गेलेला एक थेंब किंवा रंगाची एक खपली तुमच्या सगळ्या रंगकामापेक्षा महाग पडते. जोडलेल्या इंजिनावर सँड ब्लास्टिंगही नको, वाळू ऑइलच्या वाटांत शिरते. काऊलचा पत्रा तर ब्लास्टिंगच्या माऱ्यानं लाटा घेतो. सुटे ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे यांना चालेल. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत लोखंडी भाग टाका, अल्युमिनियमचा एकही नको, सोडा तो खाऊन टाकतो. सायलेन्सरच्या पाइपाला पांढरट दोरी किंवा पट्टी गुंडाळलेली दिसली तर ती अॅस्बेस्टॉसची समजा. हवा मारू नका, ओली करून मास्क लावून काढा, पिशवीत बंद करा.

आता जिथं सगळ्यात जास्त बिघडतं ते सांगतो. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतलेला असतो आणि त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर हात फिरवला की बारीक दाणे लागतात, मधेच साच्याच्या जोडाची रेघ लागते. हौशी पेंटर त्यावर पुट्टी भरून, घासून, त्याला कारच्या दरवाजासारखा गुळगुळीत करतो आणि वर क्लिअर कोट मारतो. मालक खूश होतो, पण इंजिनाचा चेहरा गेलेला असतो. त्या काळचा रंग साध्या इनॅमलचा, मध्यम चमकीचा. आज टिकण्यासाठी खाली इपॉक्सी प्रायमर जरूर घ्या, तो दिसत नाही. वरचा हात मात्र सिंथेटिक इनॅमलचा, किंवा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा रंग) हवा असेल तर चमक कमी करणारं मॅटिंग घालून, आणि पातळ. रंग सुकल्यावर बोटांना दाणे लागले पाहिजेत.

ब्रॅकेट काढाल तेव्हा त्याच्याखाली रंग आहे का बघा. रंग असेल तर ब्रॅकेट नंतर बसवला, नसेल तर बसवून मग फवारा मारला. बोल्टची डोकी, गॅस्केटची कड यांच्यावर कारखान्याचा रंग सापडला तर तिथं तो पुन्हा यायलाच हवा. मग स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट लावण्याचा प्रश्नच उरत नाही. जुने बोल्ट साफ करा, डोक्यावर खुणा असतात त्या राखा, आणि जे उघडे राहतात त्यांना साधं काळं ऑइल फिनिश द्या. रेडिएटरची पितळी टाकी घासून सोन्यासारखी करण्याचा मोहही टाळा. रेडिएटर काळाच, आणि एकच पातळ हात. जाड रंग उष्णता अडवतो, आणि घाटात त्याची किंमत कळते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वायर ब्रशनं घासा, ग्रॅफाइटची भुकटी चोळा, सोडून द्या. चंदेरी रंग मारलात तर थोड्याच दिवसांत तो जळून खपल्या निघतील.

सुरक्षेत मात्र जुनं काही राखायचं नाही. होज, फॅन बेल्ट, डिझेलच्या लवचिक नळ्या नव्या घ्या. कापडी वेटोळ्याची वायरिंग सोलून आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसते. ती बदलाच, पण नवीन वायर जुन्याच वाटेनं, जुन्याच क्लिपांतून न्या. बॅटरीचा कट-आऊट स्विच लावा, दिसणार नाही असा. अर्थिंगची जागा रंगवू नका, टेप लावून उघडी ठेवा. नाहीतर सेल्फ मंद फिरतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. डिझेल पाइपांच्या जोडांवर रंग नको, गळती दिसली पाहिजे.

राहिल्या माणसांच्या खुणा. बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं ‘ऑइल बदली’ आणि खाली किलोमीटरचे आकडे लिहिलेले सापडतात, एकाखाली एक, वेगवेगळ्या हातांचे. एअर क्लिनरच्या डब्यावर दरवर्षीच्या दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकू बसलेलं असतं, बोटांच्या पाच ठशांसह. हे कोणत्याही कारखान्याचं नाही आणि पुन्हा कुठून मिळणारही नाही. मी ते घासत नाही. सुक्या मऊ ब्रशनं धूळ काढतो, भोवती टेप लावून बाजूचाच भाग रंगवतो, आणि खुणेवर मेणाचा पातळ हात देतो. आधी कोपऱ्यावर लावून बघतो, कारण कुंकू उचलून येतं. काऊलवर घासलेली ती वर्तुळंही तशीच ठेवतो, पुढच्या रंगाऱ्याला माझ्यावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून.

केंद्रानं 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले: 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी. पण ते दुचाकी आणि खाजगी मोटारींसाठी आहेत, मालाचा ट्रक त्यात बसत नाही. आपल्या ट्रकचं मूळपण राखायला कोणताही कागद भाग पाडणार नाही. म्हणून मी एक वही करायला सांगतो: कोणता भाग मूळ, कोणता बदलला, रंगाचं मिश्रण काय, फोटो कुठं आहेत. काढलेले भाग भंगारात न देता चिठ्ठी बांधून गोणीत भरा, वहीत नोंद करा, आणि गोणी गाडीबरोबरच मालकाला द्या.

शेवटी इंजिन सुरू कराल तेव्हा खाली कोरा पुठ्ठा अंथरा. पहिल्या तापण्यात रंगाचा वास आणि थोडा धूर येईल, घाबरू नका. गार झाल्यावर होजच्या क्लिपा पुन्हा आवळा, पुठ्ठ्यावरचे डाग बघा. डिझेलचा डाग पडला असेल तर तो जोड आधी बंद करा, रंगाचा टचअप त्यानंतर.