लोकसंगीताचे कॉफीहाउस कसे भरवावे

अमेरिकेच्या ईशान्य भागात अनेक गावांतून महिन्यातल्या एखाद्या शनिवारी चर्चच्या सभागृहात कॉफीहाउस भरते. ते रोजचे दुकान नसून स्वयंसेवकांनी एका संध्याकाळपुरती मांडलेली मैफल असते आणि युद्ध, वर्णभेद, मजुरी, पर्यावरण अशा विषयांवरची गाणी ऐकायला लोक तेथे येतात. न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा स्प्रिंग्ज येथील कॅफे लीना हे मात्र कायमच्या जागेतले कॉफीहाउस असून ते १९६० पासून चालू आहे. गायक-गीतकार बॉब डिलन प्रसिद्ध होण्यापूर्वी १९६१ मध्ये तेथे गायला होता. आपल्या गावात असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी काही अनुभवाच्या गोष्टी येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की कॉफी दुय्यम आहे. मैदानातला जलसा किंवा शाहिराचा पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला डफ आणि कोरसाच्या जोरावर गर्दीला गप्प करणारा आवाज ठाऊक असतो. येथे मात्र एकटा गायक गिटार घेऊन जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि एक शब्द निसटला तरी पुढच्या कडव्याचा अर्थ हरवतो. म्हणून गाणे चालू असताना कॉफीचे टेबल बंद ठेवावे, सरकवताना करकरणाऱ्या खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवावेत आणि उशिरा येणाऱ्यांना दोन गाण्यांच्या मध्येच आत सोडावे.

आमच्या पहिल्या कार्यक्रमात गायिकेने दुसरे कडवे सुरू केले आणि सगळे स्पीकर एकदम मुके झाले. शंभर कपांचा कॉफीचा बंब सुमारे १५०० वॅट वीज घेतो, तर १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटची कमाल मर्यादाच १८०० वॅट असते. आम्ही बंब आणि ध्वनियंत्रणा दोन्ही एकाच सर्किटवर लावली होती. गायिका माइक सोडून पुढे आली आणि गाणे तसेच पुरे केले, ही तिची कृपा. तेव्हापासून बंब स्वयंपाकघरातल्या स्वतंत्र सर्किटवर, तोही दार उघडण्यापूर्वी तासभर आधी लावला जातो. ध्वनियंत्रणा साधी असली तरी चालते: गायनासाठी एक माइक, गिटारसाठी एक जोडणी आणि माइकच्या पुढे ठेवलेले दोन स्पीकर; स्पीकर माइकच्या मागे गेले की शिट्टी वाजलीच म्हणून समजावे.

कार्यक्रमाची आखणी सोपी आहे. स्थानिक गायकाला सुरुवातीची वीस मिनिटे द्यावीत, मग पाहुण्या कलावंताची पाऊण-पाऊण तासाची दोन सत्रे आणि मधे वीस मिनिटांचे मध्यंतर ठेवावे. मध्यंतरातच केक खपतो आणि स्थानिक अन्नपेढीच्या किंवा भाडेकरू संघटनेच्या टेबलाशी लोक रेंगाळतात. या टेबलाला जागा देताना मात्र एक कायदेशीर मर्यादा पाळावी लागते: करमुक्त धर्मादाय संस्थेला (चर्चही त्यातच आले) सामाजिक प्रश्नांवर बोलता येते, पण निवडणुकीतील उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गायकाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. सार्वजनिक गायनासाठी गीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणाऱ्या हक्कसंस्थांचा परवानाही लागतो. चर्चच्या प्रार्थनासभेला असलेली सूट कॉफीहाउसच्या मैफलीला लागू होत नाही.

पैशाच्या बाबतीत संकोच करू नये. दारावर सुचवलेली रक्कम ठळक लिहावी, खाली 'जमेल तेवढे द्या' असेही लिहावे आणि कोणालाही परत पाठवू नये. जमा रकमेतील कलावंताचा वाटा आधी लेखी ठरवावा. समतेची गाणी गाणाऱ्याला 'चांगल्या कामासाठी' फुकट गायला लावणे मला तरी शोभादायक वाटत नाही. पाकीट त्याच रात्री, तो गिटार पेटीत ठेवत असतानाच हाती द्यावे आणि त्यात किती लोक आले याचा आकडाही लिहावा, म्हणजे त्याला हिशेब विचारावा लागत नाही.