विंडोज ९८ चा स्टार्टअपचा आवाज अडखळत असेल तर काय काय बघायचं

माळ्यावरून जुना पीसी खाली काढला, पुसला, जोडला, स्क्रीनवर ढग दिसले, आणि तो ओळखीचा सुरुवातीचा आवाज यायच्या ऐवजी टॅ-टॅ-टॅ-टॅ करत अडकत अडकत आला. असं झालं की बहुतेक लोक आधी साउंड कार्ड, म्हणजे आवाज काढणारं आतलं कार्ड, बदलायला निघतात. थांबा. कार्ड बिचारं बऱ्याचदा चांगलंच असतं. आमच्या डोंबिवलीच्या घरातला पेंटियम थ्री ४५० मेगाहर्ट्झ, ६४ एमबी रॅम, बाबा त्यावर लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचे, तो मी परत चालू केला तेव्हा मी पण दोन कार्डं बदलून बघितली होती आणि दोन्हीवर आवाज तस्साच अडखळला, तेव्हा कळलं की दुखणं दुसरीकडे आहे.

आवाज अडखळतो म्हणजे नक्की काय होतं ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. साउंड कार्ड हार्डडिस्कवरची फाईल स्वतः वाचत नाही. विंडोज फाईलचा थोडा थोडा भाग उचलून मेमरीतल्या एका छोट्या जागेत आणून ठेवतं, त्याला बफर म्हणतात, आणि कार्ड ती जागा गोल गोल फिरून वाजवत राहतं. कीर्तनात बुवांनी पुढची ओळ दिली नाही की टाळकरी आधीचीच ओळ घोळवत राहतात ना, अगदी तसं. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि बफर वेळेत भरला गेला नाही की कार्ड जुनाच तुकडा परत वाजवतं, म्हणून ते टॅ-टॅ-टॅ. म्हणजे प्रश्न हा विचारायचा की त्या चार-सहा सेकंदात प्रोसेसरला कोणी धरून ठेवलंय.

आता हात लावायच्या आधी कान लावा. तीन-चार वेळा मशीन चालू करून फक्त ऐका. आवाज दर वेळी वेगळ्या जागी अडखळत असेल तर हा वेळेचा गोंधळ आहे, म्हणजे प्रोसेसर, डिस्क, ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्यातलं काहीतरी. दर वेळी बरोब्बर त्याच सुरावर अडकत असेल आणि त्याच वेळी हार्डडिस्क कट-कट करत असेल तर डिस्कवर त्या फाईलच्या जागी बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचा खराब झालेला तुकडा, असायची शक्यता जास्त. आणि तुकडा परत परत न वाजता नुसती खरखर येत असेल तर ती वेगळी गोष्ट, स्पीकरची पिन काढून पुसून परत लावा, आवाजाचं बटण दहा-वीसदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, जुन्या स्पीकरमध्ये बटणाखाली धूळ आणि गंज बसलेला असतो, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच जाते.

मग ही परीक्षा करा, ही सगळ्यात महत्त्वाची. विंडोज पूर्ण सुरू होऊ द्या, कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काही करू नका. आता सी ड्राईव्हमधल्या विंडोज फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर आहे, त्यात द मायक्रोसॉफ्ट साउंड नावाची फाईल आहे, ती डबल क्लिक करून वाजवा. नीट वाजली तर कार्ड, ड्रायव्हर ठीक, फक्त सुरू होतानाची गर्दी नडतेय. मग एखादी शंभरेक एमबीची फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करायला लावा आणि ती चालू असतानाच तोच आवाज परत वाजवा. आता अडखळला की समजा डिस्कच प्रोसेसरला खातेय. आणि काहीच चालू नसताना पण अडखळत असेल तर खाली आयआरक्यूचं लिहिलंय तिथे जा.

एक काम मात्र यातलं काहीही करायच्या आधी. डिस्क वीस-पंचवीस वर्षांची आहे, ती कधीही जाऊ शकते, आधी त्यातला डेटा बाहेर काढा. आयडीई (जुन्या डिस्कचं चपट्या केबलचं कनेक्शन) ते यूएसबी अडॅप्टर मिळतो, डिस्क काढून आजच्या लॅपटॉपला लावा आणि सगळीच्या सगळी कॉपी करून ठेवा. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाईली असतील तर फॉन्टचं फोल्डर पण घ्या, नाहीतर पुढे फाईल उघडेल पण अक्षरं लागणार नाहीत. हे मी कळकळीने सांगतोय, आवाज नंतर कधीही दुरुस्त होतो.

आता डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिस्कवरचा डेटा थेट मेमरीत टाकायची सोय. माझ्या मते दहातल्या सहा-सात मशीनचं उत्तर इथेच निघतं. डीएमए बंद असताना डिस्क ज्या पद्धतीने चालते तिला पीआयओ म्हणतात, त्यात डिस्कवरून आलेली प्रत्येक गोष्ट प्रोसेसरला स्वतः उचलून मेमरीत ठेवावी लागते. डीएमए चालू असेल तर कंट्रोलर परस्पर ठेवतो, प्रोसेसर मोकळा. लोक म्हणतात डिस्क स्लो आहे म्हणून आवाज अडकतो, पण सीडी क्वालिटीच्या आवाजाला सेकंदाला जेमतेम १७२ केबी लागतात, एवढं तर अगदी जुनी डिस्क पण देते, अडतं ते प्रोसेसरच्या वेळेवर. विंडोज ९८ परत इन्स्टॉल केलं की हा डीएमएचा टिक बऱ्याचदा बंदच असतो आणि कोणी बघत नाही.

तर माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्क ड्राईव्ह्ज उघडा. तिथे जेनेरिक आयडीई डिस्क टाईप ४७ किंवा तसंच काहीतरी नाव दिसेल, त्याच्या प्रॉपर्टीज, सेटिंग्ज टॅब, तिथे डीएमए असा चौकोन आहे. टिक करा, विंडोज एक इशारा देईल, ओके म्हणा, रीस्टार्ट. सीडी रॉमलाही असाच चौकोन असतो, तोही करून टाका. रीस्टार्ट झाल्यावर परत तिथे जाऊन बघा टिक राहिलाय का, हे बघणं लोक विसरतात. टिक आपोआप उडाला असेल तर मदरबोर्डच्या चिपसेटचा (म्हणजे त्यावरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर टाकलेला नाही, किंवा बायॉसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, यूडीएमए (डीएमएचाच वेगवान प्रकार) बंद आहे, किंवा केबल खराब आहे. केबलचं म्हणाल तर ४४०बीएक्स सारख्या चिपसेटच्या बोर्डला ३३ चा, म्हणजे सेकंदाला ३३ एमबीचा, वेग असतो, त्याला साधी ४० तारांची चपटी केबल चालते, पण ६६ किंवा १०० वाल्या बोर्डाला ८० तारांचीच लागते, ती बारीक तारांची, निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टर म्हणजे पहिल्या डिस्कला, मधलं करडं स्लेव्ह म्हणजे दुसऱ्या डिस्कला. उलटी लावू नका.

डिव्हाइस मॅनेजरच्या त्याच खिडकीत वर परफॉर्मन्स नावाचा टॅब आहे तोही उघडा. काही ड्राईव्ह एमएस-डॉस कंपॅटिबिलिटी मोडमध्ये, म्हणजे जुन्या डॉसच्या पद्धतीने चालत, आहेत असं लिहून आलं तर आवाज विसराच, अख्खं मशीन हळू चालणार. अशा वेळी कॉन्फिग डॉट सिस या फाईलमध्ये कुठला जुना डॉसचा ड्रायव्हर राहून गेलाय का ते बघा, आणि बूट सेक्टरचा व्हायरस पण तपासा, जुन्या फ्लॉपीतून आलेले असले व्हायरस अजूनही निघतात.

आता माझ्या मशीनची गोष्ट, कारण डीएमए करूनही माझा आवाज पूर्ण सुटला नव्हता, आधी पाच ठिकाणी अडखळायचा तो दोन ठिकाणी अडखळायला लागला. मग लक्षात आलं की दर वेळी चालू केलं की घड्याळ मागे जातं, तारीख कुठल्यातरी १ जानेवारीवर. म्हणजे मदरबोर्डवरचा सेल मेलेला. तो गोल चपटा सीआर२०३२, नवा असतो तेव्हा ३ व्होल्ट, माझ्या मीटरवर १.१ दाखवला. बाजूची छोटी पट्टी नखाने मागे सारली की सेल टुणकन वर येतो, प्लसची बाजू वर ठेवून नवा बसवायचा, घड्याळवाल्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. पण नुसता सेल बदलून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. सेल गेला की बायॉस आपल्या मूळ सेटिंगवर जातं आणि काही बोर्डांवर ते फेल-सेफ सेटिंग असतं, त्यात प्रोसेसरचा कॅश, म्हणजे त्याची जवळची वेगवान मेमरी, बंद. चालू करताना डिलीट की दाबून बायॉसमध्ये गेलो, बायॉस फीचर्सच्या पानावर एक्स्टर्नल कॅशसमोर डिसेबल्ड लिहिलेलं होतं! कॅश बंद असला की पेंटियम थ्री सुद्धा रांगायला लागतो. तो एनेबल केला, इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये आयडीईचं यूडीएमए ऑटोवर केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, आणि विंडोज वर आलं तेव्हा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजला, बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले ऐकून.

ज्यांचा आवाज फक्त सुरू होतानाच अडतो, नंतर नीट, त्यांनी स्टार्ट, रन, त्यात एमएसकॉन्फिग टाईप करा आणि स्टार्टअपचा टॅब बघा. तिथे अँटीव्हायरस, प्रिंटरचं काहीतरी, ऑफिस ९७ चं फाईंड फास्ट असा सगळा लवाजमा असतो. फाईंड फास्ट डिस्कवरच्या फाईलींची यादी बनवत बसतं, ते तर बंदच करा. स्कॅन रजिस्ट्री आणि सिस्टम ट्रे राहू द्या. एका वेळी एक टिक काढायचा आणि रीस्टार्ट करून ऐकायचं, सगळे एकदम काढले तर चोर कोण ते कळत नाही. रॅम ३२ एमबीच असेल तर विंडोज डिस्कलाच मेमरीसारखं वापरत बसतं, ६४ किंवा १२८ करा, जुन्या बाजारात स्वस्त मिळते, आणि बसवायच्या आधी तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलकेच घासून पुसा. डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे एकत्र करणं, पण एकदा रात्री लावून ठेवा.

आयआरक्यूचं आता. आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाईन. जुनं आयएसए कार्ड (आयएसए म्हणजे जुन्या पद्धतीचा स्लॉट), उदाहरणार्थ साउंड ब्लास्टर १६, सहसा आयआरक्यू ५ वर असतं आणि ती लाईन त्याला एकट्यालाच हवी असते, दुसऱ्याशी वाटून घेता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वर कॉम्प्युटर लिहिलंय त्याच्या प्रॉपर्टीज उघडल्या की कुठली लाईन कोणाकडे ते दिसतं. ५ वर आणखी कोणी बसलं असेल तर बायॉसच्या पीएनपी-पीसीआय पानावर ५ नंबर लेगसी आयएसएला राखून द्या. पीसीआय, म्हणजे नंतरच्या पद्धतीच्या स्लॉटचं, कार्ड असेल तर नुसता स्लॉट बदलून बघा, एजीपीच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या, लगतचा पहिला स्लॉट बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाशी लाईन वाटून घेतो, म्हणून साउंड कार्ड तिथून हलवून तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावायचं.

लाईन मोकळी करायला बरेच जण सांगतात की प्रिंटर पोर्ट बायॉसमधून बंद करा, ७ नंबर सुटतो. बरोबर आहे, पण तुमच्याकडे जुनं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं लॉक, म्हणजे नक्कल चालू नये म्हणून सोबत दिलेला छोटा प्लग, बहुधा त्याच प्रिंटर पोर्टला खोचलेलं असतं. पोर्ट बंद केलात तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही आणि तुम्ही दोन दिवस भलतंच शोधत बसाल. त्यापेक्षा न लागणारा कॉम २, म्हणजे दुसरा सिरीयल पोर्ट, बंद करा.

ड्रायव्हरमध्ये फार वेळ घालवू नका. कार्डासाठी व्हीएक्सडी (जुना) आणि डब्ल्यूडीएम (नवा) असे दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर मिळत असतील तर या वयाच्या मशीनवर व्हीएक्सडी आधी टाकून बघा, प्रोसेसरवर भार कमी पडतो. कंट्रोल पॅनलमध्ये मल्टिमीडिया, ऑडिओ, प्लेबॅकचे अॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीज, तिथे परफॉर्मन्सच्या टॅबवर दोन स्लायडर आहेत, सॅम्पल रेट कन्व्हर्जनचा गुड म्हणजे डावीकडे ओढा, अॅक्सिलरेशनचा एकेक खाच कमी करत ऐका.

एवढं करूनही सुटत नसेल तर कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे गोल उभे भाग, बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी डाग आला असेल तर तो गेला, सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडूनच बदलून घ्या, तोवर मशीन चालवू नका. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, मात्र घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

आणि ४८६ किंवा १६ एमबीवालं मशीन असेल, वाढवायला काही जागाच नसेल, तर आवाजच हलका करा. अॅक्सेसरीजमधल्या साउंड रेकॉर्डरमध्ये ती फाईल उघडा, फाईल मेनूतून प्रॉपर्टीज, कन्व्हर्ट नाऊ, २२ किलोहर्ट्झ, ८ बिट, मोनो निवडा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाईल तशीच ठेवा. मग कंट्रोल पॅनलच्या साउंड्समध्ये स्टार्ट विंडोजसमोर ही नवी फाईल लावा.